मधलं माणूस

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मोठ्याने तर नाहीच — पण गॅसपाशी उभ्या राहून बायका स्वतःशी पुटपुटतात ना, तशीही नाही. मला मैत्रिणी आहेत, सख्खी बहीण आहे. माझ्या गुडघ्यांपासून ते माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं त्यांना ठाऊक आहे. हे नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या भाजी घेऊन येताना जिन्यात भेटणार नाही. धाडस वगैरे काही नाही त्यात.

आधी मी कोण ते सांगते. म्हणजे लोकांच्या दृष्टीने कोण. कर्वेनगरात आमची जुनी सोसायटी आहे, लिफ्ट नसलेली, प्रत्येक मजल्यावर एक तरी सूचना चिकटवलेली. तिथे मला नीलाताई म्हणतात. कुणाच्या घरात काही बिनसलं की माझ्याकडे येतात. सासू-सुनेचं फाटलंय, भाऊ भावाशी बोलत नाही, मुलगा घटस्फोट घेऊन परत आलाय आणि बाप त्याच्याकडे मान वर करून बघत नाही — नीलाताईंना विचारा. माझ्याकडेच का? तर नीलाताईंचा नवरा आणि सासू एकमेकांशी बोलत नव्हते, इतकी वर्षं, एकाच घरात, आणि तरी नीलाताईंनी ते घर मोडू दिलं नाही. 'तुम्ही होतात म्हणून हो,' असं मला किती जणांनी म्हटलंय. दर वेळी मी मान खाली घालून हसले आहे. लोकांना तो विनय वाटतो.

माझा नवरा मकरंद. त्याच्या आईला मीही आईच म्हणायची. या दोघांत अबोला होता. अबोला म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे दर चार घरांमागे एकात तो पाहुण्यासारखा राहून गेलेला असतो. आमच्याकडे तो कायमचा राहिला. दोघं एकाच टेबलावर जेवायचे. आमटीत मीठ कमी असेल तर आई भिंतीकडे बघून म्हणायच्या, "ज्यांना मीठ हवं असेल त्यांनी घ्यावं." मकरंद माझ्याकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, उद्या दात दाखवायला जायचंय, साडेदहाला तयार राहा." त्या समोरच बसलेल्या. मी सांगायची. त्या म्हणायच्या, "म्हणावं, मी दहालाच तयार असते, उशीर कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे." मी सांगायची — शेवटचा भाग गाळून.

तेव्हा आईंना ऐकू कमी येत होतं. कानात मशीन होतं, पण फोन कानाला लावला की ते शिट्टी मारायचं. त्यामुळे फोनवरचं त्यांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. अबोल्याच्या आधीपासून. हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्यातूनच झालं. झालं काय म्हणतेय — केलं. मी केलं.

एकदा आमच्या महिला मंडळाने मला बोलायला बोलावलं. विषय होता घरातला संवाद. सोसायटीच्या हॉलमध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं की दोन माणसांच्या मध्ये तिसरं माणूस आलं की बोलणं जसंच्या तसं पोचत नाही, म्हणून रुसला असाल तरी थेट बोला, कडू असलं तरी स्वतःच्या तोंडाने बोला. टाळ्या पडल्या. कुंडीतलं एक रोप दिलं मला. पहिल्या रांगेत आई बसल्या होत्या, कानात नवा सेल घातलेलं मशीन, मान हलवत. जिना चढताना म्हणाल्या, "छान बोललीस गं. मकरंदला ऐकायला हवं होतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला येतंच.

बघा, मी अजून इकडेतिकडेच फिरतेय.

अबोला कशावरून झाला, याची एक हकीकत आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. ती आधी सांगते. माझे सासरे, बाबा, गणिताचे मास्तर. देवधर्म नाही, सोवळंओवळं नाही. दोघा नवराबायकोंनी देहदानाचे अर्ज भरून ठेवलेले आणि त्याची कार्डं फ्रिजवर चुंबकाने लावलेली. बाबा एका उन्हाळ्यात पहाटे झोपेतच गेले. मकरंद कंपनीच्या कामासाठी कोलकात्याला होता. त्याला कळवलं. तो मिळेल त्या विमानाने निघाला. पण तो यायच्या आत आईंनी बाबांना मेडिकल कॉलेजच्या हवाली केलं. पोटच्या पोराला बापाचं तोंडही बघू दिलं नाही. काही जण म्हणतात, केवढं धैर्य त्या बाईचं. काही जण म्हणतात, दगड आहे. मकरंद दुसऱ्या गटात.

ही हकीकत खोटी आहे. यातला उन्हाळा खरा, कोलकाता खरं, बाबांचं जाणं खरं. मधला एक दुवा खोटा आहे आणि तो माझा आहे.

त्या सकाळी काय झालं ते आता सांगते.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी येऊन दाखला दिला. मी कॉलेजला फोन केला. तिथला माणूस सरळ बोलला, दुपारपर्यंत आणा. शीतपेटीत ठेवणार असाल तर उद्या सकाळी आणलंत तरी चालेल. खालच्या मजल्यावरचे देवधर शीतपेटीवाल्याचा नंबर घेऊन आमच्या दारात उभे होते. "बोलावू का?" त्यांनी विचारलं. आई बाबांच्या उशाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मकरंदला विचार. तो थांबा म्हणाला तर थांबू. ह्यांना काय आता घाई आहे?"

ऐकलंत ना? त्या थांबायला तयार होत्या. दगड वगैरे कुणी नव्हतं त्या खोलीत.

मी आतल्या खोलीत जाऊन मकरंदला फोन लावला. तो रडत होता. हुंदके देऊन, लहान मुलासारखा. असा मी त्याला कधी ऐकला नव्हता. म्हणाला, "आईला सांग, थांबा. मी संध्याकाळपर्यंत पोचतो. मला बाबांना बघायचंय नीला. मी येईपर्यंत हलवू नका." मी हो म्हणाले. फोन ठेवला. बाहेर आले. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या — मशीन असलं तरी ओठ वाचायची त्यांना सवय होती. आणि मी म्हणाले, "तो म्हणतोय, थांबू नका. बाबांना हवं होतं तसं वेळेत होऊ दे."

"असं म्हणाला?"

"हो."

आईंनी बाबांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर — काय सांगू तुम्हाला — अभिमान आला. त्या दुःखात अभिमान. "बघा," त्या बाबांना म्हणाल्या, "तुमचाच मुलगा." दारातल्या देवधरांना मी मानेनेच नको म्हटलं.

का?

याची उत्तरं मी इतकी वर्षं गोळा केली आहेत. उन्हाळा होता. पहाटेपासून धावपळ चालली होती. घर माणसांनी भरलं असतं, प्रत्येकाला चहा, प्रत्येकाचं रडणं. आमची मुलगी तेव्हा बेंगळुरूला शिकायला, म्हणजे मी एकटी. शीतपेटी म्हणजे ती काच, तो गारठ्याचा आवाज, दिवसभर हॉलमध्ये. हे सगळं खरं आहे. आणि यातलं एकही कारण नाही. खरं कारण मला फोन ठेवतानाच माहीत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले, बार्शीला. संध्याकाळी भावाचा फोन आला की लगेच निघा, आम्ही थांबतो. मकरंद सोफ्यावर बसून होता. म्हणाला, "आता जाऊन काय बघणार आहेस? सकाळी निघू निवांत. त्यांना कळव, थांबू नका." मी कळवलं. त्याचा निरोप, माझ्या तोंडाने, माझ्याच भावाला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात लोक बसले होते आणि आत काही नव्हतं. परतताना गाडी चालवत तो म्हणाला, "बरं झालं, रात्रीचा प्रवास टळला." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.  मकरंदच्या घरात असलं बोलून दाखवत नाहीत.

तर त्या सकाळी, फोनमध्ये तो रडत असताना, 'मला बाबांना बघायचंय' म्हणत असताना, मला गार वाटलं. हो, हाच शब्द. आत कुठेतरी गार वाटलं. कळू दे म्हटलं ह्याला. त्याने मला दुखवलं ते न कळून दुखवलं. बायकोचा बाप म्हणजे आपला कुणी, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मी केलं ते सगळं कळून केलं. तेव्हा बार्शीची गोष्ट कारण म्हणून सांगत नाहीये. काय झालं ते सांगतेय, तर तीही सांगावी लागते.

बाबांना न्यायला गाडी आली. आईंनी त्यांचा चष्मा काढून पुसला आणि घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. गाडी गेली. थोड्या वेळाने मकरंदने विमानतळावरून फोन केला. "बाबांना नीट ठेवलंय ना? पंखा चालू ठेवा."

तेव्हाही सांगता आलं असतं. गाडी जेमतेम पुलापर्यंत गेली असेल. कॉलेजला फोन केला असता तर त्यांनी संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं असतं. पण मग आईंना काय सांगणार? पहिलं खोटं मी रागाने बोलले. दुसरं भीतीने. मी म्हणाले, "आईंनी ऐकलं नाही रे. मी सांगितलं त्यांना. पण त्यांनी गाडी बोलावली."

 मागे विमानाची घोषणा चालू होती, तेवढीच ऐकू येत राहिली.

दिवेलागणीनंतर तो आला. बुटांसकट हॉलमध्ये आला. पलंगावर मी धुतलेली चादर घातली होती. त्याने पलंगाकडे पाहिलं, मग आईंकडे. आई खुर्चीत होत्या, कानात मशीन होतं. तो म्हणाला, "झालं समाधान?"

आईंनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "समाधानासाठी करत नाहीत असल्या गोष्टी."

झालं. एवढंच. दोन वाक्यं. तो आत गेला, दार लावून घेतलं.

तुम्ही म्हणाल, असं कसं? तिथल्या तिथे नाही का उघडं पडलं? मीही भिंतीला टेकून त्याचीच वाट बघत होते.  दुसरं कुठलंही घर असतं तर तिसरं वाक्य आलंच असतं. माझ्या माहेरी अंगणात उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असे भांडतात — तू म्हणालास, मी कधी म्हणालो, आण तुझ्या बायकोला समोर — आणि रात्री एकाच पातेल्यातलं जेवतात. तिथे माझं खोटं भात शिजेपर्यंतही टिकलं नसतं. पण हे पुण्याचं, मास्तरांचं, शहाण्यांचं घर. इथे आवाज चढवणं म्हणजे हलकेपणा. इथे एक टोमणा मारायचा आणि दार लावायचं. माझं खोटं त्यांच्या सभ्यपणावर जगलं.

मकरंद दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. आता तसं नाही बघायचं मला, म्हणाला.

आणि आई? त्यांना काय वाटलं असेल, याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता. काही दिवसांनी तांदूळ निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "त्या दिवशी धीराने बोलून गेला बिचारा. थांबू नका म्हणाला. आता सोसत नाही, म्हणून माझ्यावर काढतोय. काढू दे. मी कशाला त्याचंच बोलणं त्याच्या तोंडावर फेकू?" म्हणजे बघा — त्या त्याच्यावर रुसल्या नव्हत्याच. त्याला लाज वाटू नये म्हणून त्या गप्प होत्या. मी म्हणाले, "हो आई, नकाच काढू विषय. फार हळवा झालाय तो." आणि रात्री मकरंदला म्हणाले, "आईंना काही विचारू नकोस. त्यांचं बीपी वाढतं."

मग सुरू झाली ती माझी राखण. लोक ज्याला सांभाळणं म्हणतात ती. मी त्या दोघांना कधी एकटं सोडलं नाही. माहेरी गेले तरी संध्याकाळी परत. मकरंदची आत्या एकदा नारायण पेठेतून मुद्दाम आली, दोघांना समोरासमोर बसवते म्हणाली. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन डोळ्यात पाणी आणून सांगितलं, "आत्ता नको हो आत्या, आत्ता कुठे जरा निवळतंय." ती माझी पाठ थोपटून गेली. कधी त्यांच्यातलं वारं मऊ व्हायला लागलं की मला झोप यायची नाही. अंजिरांचे दिवस आले की मकरंद रविवारी सकाळी मंडईत जायचा आणि आईंना आवडतात तशी, देठाशी जरा फुटलेली अंजिरं आणायचा. कुणासाठी ते बोलायचा नाही. टेबलावर ठेवून अंघोळीला जायचा. आई विचारायच्या, "कुणी आणली गं?" मी म्हणायची, "मीच, येता येता." एका अंजिराचं काय एवढं? पण मी तेही त्यांना मिळू दिलं नाही. त्या मला म्हणायच्या, "किती लक्षात ठेवतेस माझं."

आणि हेही सांगून टाकते — मला ते आवडायला लागलं होतं. नुसती भीती असती तर मी वाळून गेले असते. पण त्या घरात पहिल्यांदा माझ्यावाचून पान हलत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा या हुशार माणसांच्या जेवणाच्या टेबलावर माझं एक वाक्य पुरं ऐकून घेत नसत. बार्शीची बोली, म्हणून हसत. आता दोघंही माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. माझ्याशिवाय त्यांना साधा चहा मागता येत नव्हता. हे सुख मी भोगलंय. खोटं कशाला बोलू? आता तरी.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण त्या उठल्या नाहीत. अंथरुणावर एका कुशीवर पडून कानाला चिरा पडल्या, मशीन टोचायला लागलं, म्हणून ते काढून डबीत ठेवलं होतं. कान बरा झाला तरी डबी कपाटावरच राहिली. आता त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सावकाश बोललं तरच पोचायचं, आणि तो आवाज माझाच लागायचा. त्यांना त्याची सवय.

एके दिवशी अंग पुसताना म्हणाल्या, "फ्रिजवरचं माझं कार्ड काढून टाक. माझं देहदान नको. मकरंदला सांग. बापाच्या वेळी मोठेपणा करून बसला आणि मग जळत राहिला इतकी वर्षं. मला तरी त्याच्या हाताने जाऊ दे."

आयुष्यभराचं तत्त्व त्या बाईने मोडलं. मुलासाठी. आणि मी मकरंदला सांगितलं — खरं सांगितलं, पण अर्धं. "आई म्हणतायत, देहदान नको." तो हसला. "वा. स्वतःवर आली की तत्त्वं रजेवर." मी कार्ड काढून कचऱ्यात टाकलं आणि कणीक मळायला घेतली.

आता शेवटचं. हे सांगायचं म्हणूनच बाकी सगळं सांगितलं, असं वाटतंय.

दिवाळीनंतरची दुपार होती. मकरंद ऑफिसातून लवकर आला आणि सरळ आईंच्या खोलीत गेला. त्यांच्या पलंगावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी धावतच गेले. आई जाग्या होत्या. त्याला बघून त्यांचे डोळे मोठे झाले, तोंड उघडं राहिलं. त्याने त्यांचा हात हातात घेतला. मग मला विचारलं, "मशीन कुठंय तिचं?"

डबी माझ्या हाताच्या अंतरावर होती.

"लावलं की दुखतं त्यांना," मी म्हणाले. "तू बोल. मी सांगते."

तो चादरीकडे बघत बोलला. त्याला असलं बोलता येत नाही, दोन-दोन शब्द करून बोलला. "तिला सांग, मला आता राग नाही. खरंच नाही. फक्त एकदा सांग म्हणावं. मी थांबायला सांगितलं होतं. का नाही थांबलीस? काही का असेना कारण. मला फक्त माहीत हवंय."

मी वाकले. आईंच्या कानाशी तोंड नेलं. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, सकाळी मीच लावलेलं. माझ्या मनात आलं, आता. आता सगळं जसंच्या तसं सांगितलं तर संपेल. दोघंही माझ्याकडे बघतील आणि मग जे व्हायचं ते होईल. आई जाण्याआधी त्यांचा मुलगा त्यांना मिळेल.

मी म्हणाले, "आई, मकरंद म्हणतोय, आता राग नाही."

आईंचा चेहरा — नाही, ते मला नाही सांगता येणार. त्या रडायला लागल्या. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात तसं मोठ्याने म्हणाल्या, "माझा कधीच नव्हता रे. कधीच नव्हता."

मकरंदने डोळे पुसले.  मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि? का थांबली नाही ते?"

मी पुन्हा वाकले. परत संधी होती, बघा. एका दुपारी दोनदा. मी हाताचा आडोसा करून, त्याला ऐकू जाणार नाही असं त्यांच्या कानात म्हणाले, "जुनं काही मनात ठेवू नका म्हणतोय."

आईंनी मान हलवली. त्याच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. म्हणाल्या, "झालं ते झालं. जाऊ दे आता ते."

त्याने ऐकलं. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं आईकडून आलेलं उत्तर म्हणून ऐकलं. इतकी वर्षं धरून ठेवलेला प्रश्न, आणि आई म्हणते जाऊ दे. मी त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहिलं. त्याने हात लगेच काढून घेतला नाही, तेवढा सभ्य आहे तो. जरा वेळाने, चादर सारखी केल्यासारखं करून काढला. "विश्रांती घे म्हणावं," म्हणाला आणि उठून गेला. आई त्याच्या पाठीकडे बघत हसत होत्या. मला म्हणाल्या, "मिटलं गं बाई एकदाचं. तुझ्यामुळे."

त्यानंतर तो त्या खोलीत दारापर्यंत यायचा. ताप किती, खाल्लं का, मला विचारायचा. आत आला नाही. आईंना वाटायचं, कामाचा ताण असेल.

थंडी संपता संपता त्या गेल्या. मकरंदने सगळं रीतसर केलं. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं तेव्हा तो आत्याच्या मुलाला म्हणाला, "बाबांना देऊन टाकलं आणि स्वतः मात्र... असो." मी त्याच्या शेजारी उभी होते. 'असो'च्या आधीची रिकामी जागा मी भरू शकत होते. भरली नाही.

आता घरात आम्ही दोघंच. तो माझ्याशी पूर्वी कधी नव्हता इतका चांगला वागतो. भाजी निवडू लागतो. माझे गुडघे दुखतात म्हणून दूध तोच आणतो. बार्शीला भाऊ आजारी होता तर रात्रीच गाडी काढली, मी न सांगता. अंधारातून नेलं मला. आणि मी त्याच्या शेजारी बसून वाटभर एकच विचार करत होते की हा माणूस चांगला होत चाललाय आणि मला ते सहन होत नाही. सांगावं? सांगितलं तर त्याची आई त्याला परत मिळेल, हे मला समजतं. मेलेली का होईना, पण थांबायला तयार असलेली आई. एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य माझ्याकडे आहे, आणि मी ते देत नाही, कारण मग मी त्याच्यासाठी कोण उरेन? एवढ्यासाठी मी त्याच्या आईला दगड राहू दिलंय.

अधूनमधून तो विचारतो. मधे बरेच दिवस जातात, मला वाटतं विसरला, आणि मग विचारतो. परवा विचारलं, शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

"तुला तरी कधी बोलली का गं ती? का थांबली नाही ते?"

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

त्याने मान हलवली. दोन-चार शेंगा सोलल्या. मग म्हणाला, "तरी बरं. तू होतीस आमच्या मध्ये."

मी हो म्हणाले.